पेशवे दप्तर ते पासवर्ड : किल्ली कुणाच्या कनवटीला?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.)

आपल्या पुण्यात कौन्सिल हॉलच्या परिसरात एक जुनी दगडी इमारत आहे. सरकारी नाव पुणे पुराभिलेखागार. जुनी माणसं अजूनही 'पेशवे दप्तर'च म्हणतात. आत कापडी रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीतले. आपल्यापैकी निम्मे लोक तिथून रोज गाडीवरून जात असतील आणि आत काय आहे ते माहीत नसेल. त्यात तुमची चूक नाही. या कागदांचा इतिहासच असा आहे, की ते आहेत हे सगळ्यांना ठाऊक आणि बघायला मिळणार मोजक्यांना.

आज हे लिहायचं कारण दप्तर नाही. कारण आहे ऑनलाइन डेटाबेस आणि डिजिटल संग्रह, म्हणजे जुनी वर्तमानपत्रं, संशोधनाची नियतकालिकं, सरकारी अहवाल यांचे स्कॅन केलेले साठे. "आता काय, सगळं इंटरनेटवर आहे" असं आपण सहज म्हणतो. सगळं नाहीये. आणि जे आहे त्यातलं बरंचसं कुलपात आहे. हे कुलूप कसलं ते समजायला पेशवे दप्तराची गोष्ट फार उपयोगी पडते, म्हणून तिथून सुरुवात करतो.

पेशवाई बुडाली १८१८ साली. कागद इंग्रजांच्या हाती आले. त्यांना त्यात इतिहास दिसत नव्हता, जमीन दिसत होती. कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं, कुणाचा सारा माफ, हे ठरवायला तो पुरावा होता. पुढे इनाम कमिशनने याच कागदांवरून लोकांची इनामं तपासली. कचेरीचं नावच पडलं 'एलिएनेशन ऑफिस', म्हणजे सरकारच्या हातून सुटलेल्या, सारा माफ असलेल्या जमिनींची कचेरी. ज्या कागदावर शेकडो घरांचं भवितव्य अवलंबून, तो कागद सरकार कुणालाही कसा दाखवेल? दार बंद राहिलं.

न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने जोर लावला तेव्हा थोडी फट पडली. गणेश चिमणाजी वाड यांनी दप्तरातल्या रोजनिशांमधून उतारे निवडले होते, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खंडांच्या रूपाने छापून आले. रानड्यांनी १९०० साली त्या रोजनिशांवर प्रस्तावनेचा निबंध लिहिला. पण दप्तर म्हणून दप्तर बंदच.

याच काळात बाहेर काय चाललं होतं बघा. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला १८९८ साली, आणि पुढे असे एकूण बावीस काढले. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची, अडगळीतली दप्तरं सोडवून. वासुदेवशास्त्री खरे मिरजेला शाळेत शिकवायचे, आणि त्यातून वेळ काढून पटवर्धनांचे कागद 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'तून छापत होते. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत होते, आणि 'मराठी रियासत' लिहीत होते. यातला एकही जण विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक नव्हता. मराठ्यांच्या इतिहासाचं सगळं बांधकाम असल्या 'बाहेरच्या' माणसांनी केलंय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. त्यानंतर तीनेक वर्षांनी सरकारने निवडक कागद छापायचं ठरवलं, आणि ते काम सरदेशांकडे आलं. पाठीशी जदुनाथ सरकार होते. सरदेसाई तेव्हा साठी ओलांडलेले, निवृत्त झालेले. १९३० ते १९३४ या काळात त्यांनी 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' हे पंचेचाळीस खंड काढले. शंभर वर्षांहून जास्त काळ जे बंद होतं ते चार-पाच वर्षांत लोकांच्या हातात आलं. राजवाड्यांना मात्र त्यातला एकही खंड बघायला मिळाला नाही.

म्हणजे कागद जळला नव्हता, हरवला नव्हता, कसर लागून संपला नव्हता. फक्त किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला होती.

आता आजच्या काळात या.

जेस्टोर हे नाव संशोधन करणाऱ्यांना माहीत असतं, बाकीच्यांसाठी सांगतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात कॉलेजांच्या वाचनालयांची कपाटं भरत चालली. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड ठेवायचे कुठे, हा प्रश्न. विल्यम बोवेन नावाच्या गृहस्थांनी कल्पना काढली, की हे सगळं स्कॅन करून एकाच ठिकाणी ठेवू, म्हणजे प्रत्येक कॉलेजाला वेगळं कपाट नको. १९९५ साली जेस्टोर ही ना-नफा संस्था उभी राहिली. मुळात प्रश्न कपाटाचा होता, हे लक्षात घ्या. पण कपाट गेलं आणि त्या जागी वर्गणी आली. संस्थेने पैसे भरायचे, संस्थेतल्या माणसाने लॉगिन करायचं. पुढे मोठमोठ्या खाजगी प्रकाशकांनी हाच मार्ग धरला आणि दर लावले. आज संस्थेबाहेरच्या माणसाने एखादा लेख उघडायला गेलं, तर एका लेखाला तीस-चाळीस डॉलर मागतात. वीस पानांना!

२०११ मध्ये आरन स्वार्ट्झ या तरुणावर जेस्टोरवरचे लाखो लेख एकगठ्ठा उतरवून घेतल्याबद्दल अमेरिकेत खटला झाला. खटला उभा असतानाच, ११ जानेवारी २०१३ ला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याचं करणं योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. पण ज्ञानाच्या किल्लीवरून केवढं रामायण होऊ शकतं, ते त्यातून जगाला कळलं.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर आपल्या पुण्याचंच एक उदाहरण घेतो.

१८९७ चा प्लेग. रँडची कमिटी, घरझडत्या घेणारे गोरे सोजीर, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला गोळीबार. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच वेळी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते, वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेलेले. पुण्याहून मित्रांची पत्रं जात होती. त्यांच्या आधारावर गोखल्यांनी जुलै १८९७ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितलं, की सोजिरांनी बायकांवर अत्याचार केले आहेत. पार्लमेंटपर्यंत गदारोळ झाला. परत आल्यावर पुरावा मिळेना, पत्रं पाठवणाऱ्यांची नावं सांगायची नव्हती, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्या माफीवरून त्यांना पुढे कितीतरी वर्षं टोमणे खावे लागले.

मला साधी गोष्ट बघायची होती. गोखले नेमकं काय बोलले? चरित्रांत सारांश असतो. मला शब्द हवे होते. "ऐकलं" म्हणाले की "झालं" म्हणाले, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणसाच्या आयुष्यावर डाग लावणारं वाक्य शंभर वर्षं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं नाही, हे मला पटत नाही.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. नोकरी वेगळी, कागद रविवारी. त्यामुळे मी शोधायला बसलो तेव्हा जे दिसलं ते तुमच्यापैकी कुणालाही दिसेल. तीन दारं दिसली.

पहिलं दार सताड उघडं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय वाचनालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या आरोग्यविषयक सरकारी अहवालांचा मोठा संग्रह ऑनलाइन टाकलाय. प्लेगवरचे अहवाल त्यात आहेत. पैसे नाहीत, सभासदत्व नाही. एडिंबरोच्या लोकांनी आपल्या प्लेगची कागदपत्रं आपल्याला घरात आणून दिली म्हणायची.

दुसरं दार कुलपातलं. 'मँचेस्टर गार्डियन'चे १८२१ पासूनचे अंक स्कॅन झालेले आहेत, शब्द टाकून शोधताही येतात. पण वर्गणीच्या डेटाबेसमध्ये. 'द टाइम्स'चंही तेच, १७८५ पासूनचे अंक आहेत. आता गंमत ऐका. ब्रिटनमधल्या कितीतरी सार्वजनिक वाचनालयांत साध्या सभासद कार्डाचा नंबर टाकला, की 'टाइम्स'चा तो जुना साठा घरबसल्या फुकट उघडतो. पैसे वाचनालयाने भरलेले असतात. तिथला निवृत्त पोस्टमन पुण्यातल्या प्लेगची लंडनमधली बातमी चहा पितापिता वाचू शकतो. शनिवार पेठेतला माणूस, ज्याच्या पणजोबाच्या घराची झडती झाली होती, तो वाचू शकत नाही.

तिसरं दार अजून बसवलेलंच नाही. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांच्या आणि मासिकांच्या बांधीव फायली ठिकठिकाणच्या जुन्या वाचनालयांत आहेत. कागद पिवळा पडलाय, कडेला हात लावला की पापडासारखा मोडतो. यातल्या कितीतरी फायलींचं स्कॅनिंग झालेलं नाही. इथे किल्लीचा प्रश्नच नाही, कारण उद्या आत काही उरेल की नाही हाच प्रश्न आहे.

आता सरकारने काय केलंय ते बघू, कारण केलंय. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. ६,३०० हून जास्त सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था, सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे काम बघतं. प्रकाशकांत केंब्रिज, ऑक्सफर्ड, सेज असली नावं आहेत. म्हणजे आपल्या इतिहासावर जगभर जे लिहिलं जातं त्यातलं पुष्कळसं तिथे आहे. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो. आडगावच्या सरकारी कॉलेजातल्या पोरीला आयआयटीतल्या पोराइतकंच वाचायला मिळणार असेल, तर यापेक्षा चांगलं काय!

पण यादी नीट बघा. त्यात सार्वजनिक वाचनालयं नाहीत.

म्हणजे कॉलेजात आहात तोवर दार उघडं. निकाल लागला, ओळखपत्र परत केलं, दार बंद. शाळेतले शिक्षक बाहेर. वकील बाहेर. पत्रकार बाहेर. तालुक्याला बसून गावचा इतिहास लिहिणारा बाहेर. आणि वर म्हटलं ते आठवा, आपला इतिहास कुणी लिहिला? शाळामास्तरांनी, नोकरदारांनी, पायपीट करणाऱ्यांनी. आजच्या राजवाड्यांकडे लॉगिन नसणार. खरेशास्त्री आज असते, तर मिरजेच्या शाळेतून त्यांना 'इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू' उघडता आला नसता, आणि ते तर आपल्याच देशातलं नियतकालिक आहे.

कुणी म्हणेल, वाचनालयांचं हे काम नाही, त्यांनी कादंबऱ्या द्याव्यात आणि दिवाळी अंक. मग वाचनालयं सुरू कशाला झाली ते बघू. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं. पुण्यात १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली, आजचं पुणे नगर वाचन मंदिर. त्या काळी पुस्तक महाग, वर्तमानपत्र महाग. एकट्याला परवडत नाही म्हणून चार जणांनी वर्गणी काढायची, एक प्रत घ्यायची, सगळ्यांनी वाचायची. वाचनालय म्हणजे एवढंच. आज डेटाबेस एकट्याला परवडत नाही. मग तीच युक्ती आज का चालू नये?

आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. अ, ब, क, ड वर्गांची बारा हजारांच्या आसपास अनुदानित वाचनालयं आहेत. एवढं जाळं देशात फार थोड्या राज्यांकडे असेल. प्रत्येक ठिकाणी डेटाबेस द्या असं कुणी म्हणत नाही. 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वीजबिलाची पंचाईत असते, ते मलाही दिसतं. पण जिल्ह्याच्या एका मोठ्या वाचनालयात एक टेबल, एक संगणक आणि योजनेचं एक लॉगिन, एवढं मागायला काय हरकत आहे?

तोवर काय? तोवर जे उघडं आहे ते तरी वापरा. पुष्कळांना माहीत नसतं म्हणून सांगतो.

राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' आहे. नावनोंदणी करा, जुन्या सरकारी फायली घरी बसून बघा. आयआयटी खरगपूरने उभी केलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथ संजीवनी' आहे, जुनी पुस्तकं, नकाशे, वर्तमानपत्रं. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. मोल्सवर्थचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाने शोधता येईल असा ठेवलाय. जुना कागद वाचताना शब्द अडला की मी तिथेच जातो. जेस्टोरवरही स्वतःच्या नावाने फुकट खातं काढलं, तर महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात. सगळे नाही, पण बरेच. आणि राजवाडे, खरे, सरदेसाई यांचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर आहेत.

ते खंड तिथे कसे पोचले, ही आणखी एक गोष्ट. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' नावाच्या सरकारी प्रकल्पात लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यात हजारो मराठी. पानं तिरकी, काही कापलेली, काही गायब, पण होती. पुढे ते संकेतस्थळच बंद पडलं. बाहेरच्या लोकांनी आधीच प्रती करून इंटरनेट अर्काइव्हवर ठेवल्या होत्या, म्हणून वाचली. आजही तिथे मराठी पुस्तक शोधायचं तर कसरत. नावं रोमन लिपीत, 'ट'साठी टीच्या डोक्यावर टिंब, अनुस्वारासाठी एनच्या डोक्यावर टिंब, 'आ'साठी दोनदा ए. 'मराठी रियासत' असं सरळ टाकलं तर सापडेलच असं नाही. पुस्तक आहे, पण सापडत नाही! सूची नीट नसेल तर स्कॅन केलेलं पुस्तकही रुमालात बांधल्यासारखंच.

आणि एकाच प्रतीवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, महिनोन् महिने त्यांच्या ऑनलाइन सेवा बंद होत्या. वर्षभराने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला झाला, तेही काही दिवस बंद पडलं. कागदाला वाळवी लागते, सर्व्हरला हे लागतं. मूळ कागद टाकून द्यायचा नाही आणि प्रत एका जागी ठेवायची नाही, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

आता माझं म्हणणं थोडक्यात.

एक. २०२७ अखेर त्या योजनेची तीन वर्षं संपतात, मग पुढचे करार. त्या करारांत निदान जिल्हा पातळीवरच्या सार्वजनिक वाचनालयांचं नाव यायला हवं. आपले खासदार, आमदार, राज्याचं ग्रंथालय संचालनालय यांना हे आत्ताच सांगावं लागेल. करार झाल्यावर ओरडून उपयोग नाही.

दोन. तुमच्या गावच्या वाचनालयात १९६० च्या आधीची मासिकं, वर्तमानपत्रं, गावाशी संबंधित पुस्तकं काय काय आहेत, याची नुसती यादी करा. स्कॅनिंग नंतर. आपल्याकडे कायद्याने लेखक वारल्यावर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. सरदेसाई १९५९ ला गेले, त्यांचं लेखन आता मोकळं आहे. म्हणजे यातल्या पुष्कळ गोष्टी स्कॅन करून टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. लागते ती दोन माणसं आणि सुट्टीचे काही दिवस.

तीन. यादी मराठीत करा. देवनागरीत. वर्ष, अंक, पानं नीट लिहून. पुढच्या माणसाला टिंबं मोजत बसायला लावू नका.

पेशवे दप्तर उघडायला शंभर वर्षं लागली, कारण ते उघडावं असं वाटणारे थोडे होते आणि किल्ली परक्या सरकारकडे होती. आता सरकार आपलं आहे, वर्गणीचे सहा हजार कोटीही आपल्याच करातले आहेत. मग मागायला लाजायचं कशाला?

तुमच्या वाचनालयात असं जुनं काही असेल तर खाली लिहा. वाचनालयाचं नाव, वर्ष, काय आहे, कुठल्या अवस्थेत आहे. यादीची सुरुवात इथूनच करू.